चार बटणं दाबायची असतात हे आधी कुणी सांगितलंच नाही

बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, मग १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं, आणि तेव्हापासून या सदरात येणारी पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं एकाच विषयावर आहे. लोकांना मतदानात रस नाही असं सरसकट म्हटलं जातं, पण ही पत्रं वाचून मला तरी तसं अजिबात वाटत नाही. लोकांना जायचं असतं, बरेच जण जातातही, फक्त तिथे नेमकं काय होणार आहे हे त्यांना आधी कुणी नीट समजावलेलं नसतं. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न : ताई, मी नाशिकची. सकाळी लवकर मतदानाला गेले, माझ्या ओळखीचा एकच उमेदवार होता, त्याच्या नावासमोरचं बटण दाबलं, लाईट लागला, पण बीप काही वाजेना. मी निघाले तर मॅडम म्हणाल्या, थांबा, अजून मतं द्यायची आहेत. मागे लाईन, मला काही सुचेना, मग पुढची तीन बटणं अक्षरशः डोळे झाकून दाबली. घरी आल्यापासून मनाला लागून राहिलंय. मी चुकीच्या माणसांना निवडलं का?

उत्तर : ताई, आधी मन शांत करा, असं तुमच्या एकटीचं झालेलं नाही, याच प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. आता नीट सांगते. मुंबई सोडली तर आपल्या महापालिकांमध्ये एका प्रभागातून एक नाही तर अनेक नगरसेवक निवडून जातात, बहुतेक ठिकाणी चार. त्या चार जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात आणि प्रत्येक जागा म्हणजे वेगळीच निवडणूक, तिचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे, निकाल वेगळा. म्हणजे अ जागा अनुसूचित जातीसाठी असेल, ब ओबीसी महिलेसाठी, क सर्वसाधारण महिलेसाठी आणि ड खुली, असं काहीही असू शकतं, ते सोडतीत ठरतं. तुम्हाला या चारही जागांसाठी एकेक मत असतं. चारही मतं एकाच उमेदवाराला देता येत नाहीत, एका जागेतल्या दोघांनाही देता येत नाहीत.

मशीनवर हे कसं दिसतं ते सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, वर जागेचं अक्षर असतं, खाली उमेदवारांची नावं आणि चिन्हं, आणि त्या जागेची यादी संपली की शेवटी नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'. उमेदवार कमी असले तर दोन जागांच्या याद्या एकाच मशीनवर एकाखाली एक येतात, आणि लोकांना वाटतं की ही एकच मोठी यादी आहे. जास्त असले तर टेबलावर शेजारी शेजारी मशीनं मांडलेली असतात आणि माणूस पहिल्याच मशीनसमोर उभा राहतो. अ साठी बटण दाबलं की तिथला लाईट लागतो, पण लांब बीप येतो तो चारही जागांचं मत पडल्यावरच. म्हणून बीप आला नाही म्हणजे मशीन बिघडलं असं नाही, तुमचं मतदान अजून पूर्ण झालेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

एखाद्या जागेतला कुणीच माहीत नसेल किंवा कुणीच पटत नसेल तर त्या जागेपुरतं नोटा दाबता येतं, एका जागेला उमेदवार आणि दुसऱ्या जागेला नोटा असं अगदी चालतं. तुम्हाला हे माहीत असतं तर डोळे झाकून बटण दाबायची वेळच आली नसती. पुढच्या वेळी एक करा, मतदानाच्या आधी आपल्या प्रभागाच्या चार जागा आणि त्यातले उमेदवार एका कागदावर लिहून घरीच ठरवून ठेवा. घरात चार मतदार असतील तर चौघांनी बसून बोला, मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं पण चार जागा आहेत हे तरी प्रत्येकाला कळेल. तुम्ही चुकीच्या माणसांना निवडलं का हे मी सांगू शकत नाही ताई, पण निवडून आलेले चौघंही आता तुमचेच नगरसेवक आहेत, ज्यांना मत दिलं नाही तेसुद्धा, आणि काम घेऊन चौघांकडेही जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीत दोन मतं होती, पुण्यात भावाला चार होती आणि मुंबईत मावशीला एकच. हा काय प्रकार आहे? आणि आम्ही नगराध्यक्ष निवडला पण भावाला महापौरासाठी बटणच नव्हतं.

उत्तर : तिघांचंही बरोबर आहे. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एक नगरसेवक, त्यात थेट नगराध्यक्षाचं मत मिळवलं की दोन. नगरपरिषदेत साधारण प्रत्येक प्रभागातून दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष, म्हणजे तीन. मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, म्हणून एकच मत. महापौर मात्र कुठल्याच महापालिकेत लोक थेट निवडत नाहीत, निवडून आलेले नगरसेवक आपल्यातून निवडतात आणि ती मुदत अडीच वर्षांची असते. त्यात महापालिकेचा कारभार चालवणारा मुख्य अधिकारी म्हणजे आयुक्त, तो राज्य सरकारने नेमलेला असतो. नगराध्यक्षाचं म्हणाल तर थेट निवडणूक कधी असते कधी नसते असं आपल्याकडे झालंय, २०१६ ला थेट आली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आणली. नियम असे पुन्हा पुन्हा बदलले तर सामान्य माणसाने लक्षात तरी काय ठेवायचं, हे मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी ठाण्यात राहणारा रिटायर्ड माणूस आहे. २०२४ ला लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं, त्याच शाळेत, त्याच खोलीत. या वेळी तिथे गेलो तर यादीत नाव नाही. एक तास फिरलो, मग कळलं की नाव शेजारच्या प्रभागात आहे आणि केंद्र पार दुसऱ्या टोकाला. बायकोचं नाव मात्र आमच्याच प्रभागात. हा काय कारभार आहे?

उत्तर : काका, तुमचा राग अगदी रास्त आहे. हे का होतं ते कळलं तर पुढच्या वेळी थांबवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो आणि महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, हे दोन वेगळे आयोग आहेत, आणि निम्मा घोळ इथूनच सुरू होतो कारण बहुतेकांना आयोग एकच वाटतो. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी बनवत नाही, तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. विधानसभेच्या यादीचे भाग आणि महापालिकेच्या प्रभागांच्या हद्दी एकमेकांशी जुळत नाहीत, रस्त्याच्या अलीकडची बिल्डिंग एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्यात. मग पालिकेचे कर्मचारी यादीतला पत्ता बघून ठरवतात की हे नाव कुठल्या प्रभागात टाकायचं. आता यादीत तुमचा पत्ता अर्धवट असेल, नुसतं गल्लीचं नाव असेल, बिल्डिंगचं जुनं नाव असेल, तर ते नाव चुकून शेजारी जातं. एकाच घरातल्या नवरा-बायकोची नावं वेगळ्या प्रभागात जातात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, नावनोंदणी वेगवेगळ्या वर्षी झालेली असते आणि पत्ता दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो.

ही चूक दुरुस्त करायला संधी असते, पण ती मतदानाच्या दिवशी नसते. प्रभागनिहाय यादी आधी प्रारूप, म्हणजे कच्ची यादी, म्हणून जाहीर होते, या वेळी महापालिकांची २० नोव्हेंबर २०२५ ला झाली, त्यावर हरकती मागवतात, मग अंतिम यादी लागते. त्या हरकतीच्या काळात "माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलंय" किंवा "विधानसभेच्या यादीत नाव आहे पण इथे सुटलंय" असं लेखी दिलं की तपासणी होऊन दुरुस्ती होते. तेव्हा सगळीकडे सामसूम असते, ना प्रचार ना गाड्या ना भोंगे, त्यामुळे लोकांना पत्ताही लागत नाही आणि नेमके तेच दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात. माझं तर स्पष्ट मत आहे की आयोगाने आणि पालिकेने जाहिरातीचा जेवढा जोर मतदानाच्या आदल्या आठवड्यात लावला त्यातला निम्मा या हरकतींच्या दिवसांत लावायला हवा होता, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर प्रारूप यादीची दोन पानं लागली असती तर तुमच्यासारख्या किती जणांची पायपीट वाचली असती.

आता तुम्ही काय कराल, तर विधानसभेच्या यादीतला तुमचा पत्ता आत्ताच पूर्ण आणि नीट करून घ्या, त्यासाठी फॉर्म नंबर ८ असतो. मूळ पत्ता सुधारला की पुढची प्रभागाची यादीही सुधारायला मदत होते. आणि काही जणांनी विचारलंय की नावापुढे दोन स्टार का होते. ते दुबार नाव असल्याचा संशय असलेल्यांसाठीची खूण, म्हणजे नाव काढून टाकलेलं नाही, तुम्ही एकाच ठिकाणी मत देणार एवढं लिहून घेतात.

आणखी एक, वेळ. या निवडणुकीत मतदान सकाळी साडेसातला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपलं, विधानसभेला सहापर्यंत होतं. साडेपाचनंतर धावत आलेल्यांचीही पत्रं आहेत.

प्रश्न : मी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांची झाले. फॉर्म भरला, कार्ड पण आलं. तरी मला मत देता आलं नाही. मग १८ पूर्ण म्हणजे नक्की काय?

उत्तर : बाळा, तुझं कार्ड खरं आहे आणि यादीत न येणंही नियमाने झालंय. या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती, त्यानंतर नोंद झालेली नावं या वेळी धरली गेली नाहीत. भारत निवडणूक आयोग आता वर्षात चार तारखा धरतो, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे तुझी नोंद लगेच झाली, पण स्थानिक निवडणुकीची यादी त्याआधीच गोठवलेली होती. तुझी चिडचिड मला कळते, पहिलं मत हुकलं की वाईट वाटतंच. तुझ्या वर्गातल्या ज्यांनी अजून नावनोंदणीचा फॉर्म नंबर ६ भरला नसेल त्यांना आत्ता भरायला लाव, स्थानिक निवडणूक जाहीर झाल्यावर भरून उपयोग नसतो, आणि १७ पूर्ण झालेल्यांनाही आधीच अर्ज देऊन ठेवता येतो.

प्रश्न : नाहीतरी सगळे सारखेच, म्हणून मी नोटा दाबला. मित्र म्हणतो मत वाया घालवलंस. कोण बरोबर?

उत्तर : नोटा हा तुमचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाने मिळालेला, त्यामुळे वाया घालवलं असं मी म्हणणार नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन महापालिका आणि नगरपालिकांसाठी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर कुणालाही विजयी न करता फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. पण व्यवहारात बघा, नोटाला उमेदवारांपेक्षा जास्त मतं पडणं फार अवघड, आणि प्रभागातल्या निवडणुकीत थोडक्या मतांनी निकाल लागतात, लोकसभेसारखा लाखांचा फरक नसतो. तिथे तुमच्या एका मताचं वजन बाकी कुठल्याही निवडणुकीपेक्षा जास्त असतं. "सगळे सारखेच" हे शपथपत्रं वाचून म्हणताय का न वाचता, एवढंच मी विचारेन. प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्हे हे शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि ते लोकांना बघायला खुलं असतं. ते वाचूनही कुणीच पटलं नाही तर खुशाल नोटा दाबा.

प्रश्न : आमच्या प्रभागातून महिला नगरसेविका निवडून आल्या पण फोन त्यांचे पतीच उचलतात, भेटायला गेलं तरी तेच बोलतात. मग आरक्षणाचा काय उपयोग?

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, पण तिचा रोख आरक्षणाकडे जातोय तो मला मान्य नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा आहेत, आणि त्याच जागांमधून आलेल्या कितीतरी बायका पुढे स्वतःच्या जोरावर खुल्या जागेतून निवडून आल्यात. पती फोन उचलतात याचं एक कारण म्हणजे आपणच पतीला फोन करतो. पुढच्या वेळी कामाचा अर्ज लिहा तो नगरसेविकेच्या नावाने लिहा, भेटायला जाल तेव्हा "मॅडमशी बोलायचंय" म्हणून सांगा आणि त्या येईपर्यंत थांबा, चार बायका मिळून गेलात तर फारच बरं. सभागृहात पतीला बसता येत नाही, तिथे बोलायचं त्यांनाच असतं, आणि तुमचा पाण्याचा किंवा ड्रेनेजचा प्रश्न त्यांना तारीखवार माहीत असेल तर त्या बोलतील. सगळ्याच बोलतील असं नाही, पण ज्यांना बोलायचंय त्यांना लोकांचा आधार लागतो.

प्रश्न : निवडणूक झाली, फटाके झाले, आता पाच वर्षं आम्ही काय करायचं? नगरसेवक काम करतो की नाही हे आम्हाला कळणार कसं? आमच्याकडे तर इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते आणि तरी सगळं चालू होतं असं लोक म्हणतात.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते कारण ते मला फार खटकतं. राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, साफ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. तरीही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं, नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरात तर २०२० पासूनच प्रशासक, म्हणजे नगरसेवकांऐवजी कारभार बघणारे सरकारी अधिकारी, होते. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा कोर्टातला वाद, मग प्रभाग रचनेचा वाद, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तेव्हा चक्रं हलली. या काळात सगळं चालू होतं हे अर्धंच खरं आहे. कचरा उचलला जात होता, पण बजेट आयुक्तच मांडत होते आणि प्रशासक म्हणून मंजूरही तेच करत होते, आमच्या गल्लीत हे का नाही असं भर सभेत विचारणारा कुणी नव्हता. आणि अजून एक गोष्ट झाली जी कुणी मोजत नाही. फेब्रुवारी २०१७ ला जो १७ वर्षांचा होता तो यंदा पंचविशी ओलांडून पहिल्यांदा महापालिकेला मत द्यायला गेला, मधल्या काळात त्याने लोकसभा-विधानसभेला मतदान केलं पण नगरसेवक म्हणजे काय हे त्याने पाहिलेलंच नाही. त्याला चार बटणांची सवय कुठून असणार?

आता काय करायचं. सर्वसाधारण सभा ठरावीक काळाने होते, तिची विषयपत्रिका आधी निघते आणि सभा बघायला प्रेक्षकांसाठी जागा असते, एकदा तरी जाऊन बसा. तुमचा नगरसेवक आला होता का, बोलला का, कुठल्या ठरावाला हात वर केला, हे तिथे दिसतं. जाता येत नसेल तर सभेचं इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची लेखी नोंद, मागा, वेबसाईटवर नसेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करून मिळतं. मी तर म्हणेन सोसायटीतल्या किंवा वाडीतल्या दोघा-तिघांनी हे काम आळीपाळीने वाटून घ्यावं, एकट्याने केलं की दमायला होतं.

त्याहून महत्त्वाचं बजेट. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं बजेटसाठी सुचवता येतात, फूटपाथ, लाईट, बसस्टॉप, बागेतले बाक असली कामं. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर वापरा आणि नसेल तर नगरसेवकाला बजेटच्या आधी दोन-तीन महिने लेखी पत्र द्या, मार्चमध्ये देऊन फायदा नाही कारण तोवर आकडे ठरलेले असतात. पत्रात "रस्ता खराब आहे" असं मोघम लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, कधीपासून, आधी तक्रार कधी केली, तिचा नंबर काय, हे सगळं लिहा, पोच घ्या आणि पोचेची प्रत चारही नगरसेवकांना द्या. एकाने टोलवलं तरी दुसऱ्याला तेच काम आपल्या नावावर करून दाखवायचं असतं, चार सदस्यांच्या प्रभागाचा नागरिकांना झालाच तर हा एक फायदा आहे.

आणि जाताना हेही बघा की काम नक्की कुणाचं आहे. वीज बहुतेक ठिकाणी महावितरणकडे, पोलीस राज्य सरकारच्या गृहखात्याकडे, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. पाणी, कचरा, ड्रेनेज, गल्लीतले रस्ते, दिवाबत्ती, पालिकेचे दवाखाने आणि शाळा, जन्म-मृत्यूचे दाखले ही पालिकेची कामं. खासदाराला गटाराबद्दल विचारणारे आणि नगरसेवकाला एसटीच्या तिकीट दरवाढीसाठी धारेवर धरणारे मतदार मला दर महिन्याला पत्रातून भेटतात, आणि मग कुणाचंच काम होत नाही.

पुढच्या महिन्यासाठी जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामसभा यांच्याबद्दलचे प्रश्न पाठवा. गावाकडून येणारी पत्रं कमी आहेत आणि ती मला हवी आहेत. पत्रात आपली ग्रामसभा शेवटची कधी झाली आणि त्यात काय ठरलं तेवढं नक्की लिहा, नाव छापायचं नसेल तर तसंही कळवा.